वाटा बंद व्हायला लागल्या की

कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियममध्ये एक वीतभर उंचीचा कांस्याचा देव आहे. पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव. पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४०च्या दशकात सापडला. आपल्या किनाऱ्याचा रोमन जगाशी व्यापार जोरात होता त्या काळात कधीतरी कुणीतरी तो जहाजातून आणला असणार, घाट चढवला असणार, आणि मग तो शेकडो वर्षं मातीत पडून राहिला.

मी सहावीत होते तेव्हा आजीबरोबर तिथं गेले होते. म्युझियम बघायला म्हणून नाही हं, तिच्या डोळ्यांचं दवाखान्यातलं काम आटोपलं होतं, एसटीला दोन तास होते आणि बाहेर ऊन मी म्हणत होतं, म्हणून आत शिरलो. आजी त्या कपाटापुढं थांबली आणि म्हणाली, "कोन हाय गं ह्यो?" मी पाटी वाचून सांगितलं, समुद्राचा देव आहे, ग्रीक लोकांचा. "देव हाय न्हवं?" एवढं तिनं पक्कं करून घेतलं, पायातल्या चपला बाजूला सारल्या आणि हात जोडले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण बाजूलाच कॉलेजची चार पोरं उभी होती. बाहेर आल्यावर मी कुरकुरले, अगं तो आपला देव नाहीये. तर म्हणे, "नसू दे की. समुद्रापासनं एवढ्या लांब आणून बशीवलाय, करमत नसंल बिचाऱ्याला."

ही गोष्ट मी पुढं कॉलेजात आणि ऑफिसात किमान पन्नास वेळा सांगितली असेल, सर्वधर्मसमभावाचं उदाहरण म्हणून. बघा, माझी अडाणी आजी पण कशी एकं सत् वगैरे. मग काही वर्षांपूर्वी मला उत्तरकालीन रोमन साम्राज्यातल्या पेगन लोकांचं वेड लागलं (पेगन हा शब्द त्यांचा स्वतःचा नाही, ख्रिस्ती लोकांनी त्यांना लावलेला, त्याला खेडवळ अशी छटा आहे) आणि तेव्हापासून ती गोष्ट तशी सांगावीशी वाटत नाही. का ते जरा लांबून सांगते.

सुरुवात सिम्माकसपासून करू. इसवी सन ३८४. हा रोम शहराचा प्रीफेक्ट, म्हणजे शहराचा सगळ्यात मोठा अधिकारी, खानदानी श्रीमंत, लॅटिन वक्तृत्वात त्याचा हात धरणारं कुणी नाही. त्यानं मिलानच्या दरबारात सम्राट दुसऱ्या व्हॅलेंटिनियनकडे एक अर्ज पाठवला. सम्राट तेरा वर्षांचा पोरगा. अर्जाचा विषय होता एक वेदी. सिनेटच्या सभागृहात विजयादेवीची मूर्ती आणि तिच्यापुढची वेदी ऑगस्टसनं इसवी सनापूर्वी २९मध्ये बसवली होती, सिनेटर लोक आत येताना तिच्यावर चिमूटभर धूप टाकायचे. सम्राट ग्रेशियननं ३८२मध्ये ती वेदी काढून टाकली, आणि वेस्टा या चुलीच्या देवीच्या कुमारिका पुजारणींचं सरकारी अनुदान बंद केलं. सिम्माकस तेव्हाही शिष्टमंडळ घेऊन गेला होता, त्याला भेटच मिळाली नव्हती. पुढच्या वर्षी ग्रेशियन मारला गेला, तिकडे धान्य पिकलं नाही, म्हणून यानं परत अर्ज केला.

त्या अर्जात ते वाक्य आहे. प्रत्येकाचे आपापले रीतिरिवाज असतात, तो लिहितो. आपण सगळे तेच तारे बघतो, आभाळ सगळ्यांचं एकच, एकाच जगानं आपल्याला वेढलंय, मग खरं काय ते कोण कुठल्या शहाणपणानं शोधतो यानं काय फरक पडतो? एवढ्या मोठ्या गुपितापर्यंत एकाच वाटेनं पोचता येत नाही.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी लॅपटॉपपुढं अक्षरशः उठून उभी राहिले. रात्रीचे दीड वाजले होते, नवरा झोपला होता, नाहीतर त्याला हलवून सांगितलं असतं की बघ, हे आपलंच आहे! आणि वाक्य नुसतं गोड नाहीये, त्यात 'गुपित' हा शब्द आहे. सगळ्या वाटा तिकडेच जातात असं तो म्हणत नाहीये, ते आपले गुड मॉर्निंगवाले काका म्हणतात. ती गोष्ट इतकी मोठी आणि झाकलेली आहे की एका वाटेला ती झेपणारच नाही, असं त्याचं म्हणणं. त्याच अर्जात तो रोमलाच म्हातारी बाई करून बोलायला लावतो. ती म्हणते, मला माझ्या पद्धतीनं जगू द्या, मी स्वतंत्र आहे, म्हातारपणी कुणाला सुधारायला निघणं हे उशिराचंही आहे आणि अपमानाचंही.

अर्ज फेटाळला गेला. मिलानचा बिशप होता अँब्रोज, स्वतः प्रांताचा गव्हर्नर राहिलेला, राजकारण कोळून प्यायलेला माणूस. त्यानं पोरसवदा सम्राटाला जवळजवळ दम भरला की तू हे मान्य केलंस तर चर्चमध्ये खुशाल ये, पण तिथं तुला एकतर पाद्री सापडणार नाही, नाहीतर तुला विरोध करणारा सापडेल. आणि सिम्माकसच्या त्या सुंदर वाक्याला त्याचं उत्तर असं, की तुम्हाला जे माहीत नाही ते आम्हाला खुद्द देवाच्या तोंडून कळलंय. तुम्ही अंदाज करत बसा, आमच्याकडे खात्री आहे.

इथपर्यंत वाचलं की मराठी वाचकाचा (म्हणजे माझा) हिरो कोण आणि व्हिलन कोण हे ठरून जातं. माझं सहा महिने ठरलेलं होतं. त्यात अँब्रोजनं स्वतःच भर घातली. ३८८मध्ये युफ्रेटिसकाठच्या कॅलिनिकम गावात ख्रिस्ती जमावानं ज्यूंचं सिनेगॉग जाळलं, सम्राट थिओडोसियसनं तिथल्या बिशपला ते स्वखर्चानं बांधून द्यायला सांगितलं, आणि अँब्रोजनं हट्ट करून तो हुकूम मागे घ्यायला लावला. एकच वाट असलेल्या माणसाकडून दुसरं काय होणार, असं मला तेव्हा वाटलं होतं.

मग मी अर्ज पुन्हा नीट वाचला, पहिल्यांदा वाचताना जे परिच्छेद घाईत सरकवले होते ते. निम्मा अर्ज पैशाचा आहे! पुजारणींचं धान्य थांबलं, पुजारणींच्या आणि पुजाऱ्यांच्या नावानं मृत्युपत्रात ठेवलेल्या जमिनी सरकारनं खाल्ल्या, म्हणून दुष्काळ पडला. आता दुष्काळ देवीच्या कोपानं पडला असं म्हणणाऱ्या माणसाला सगळ्या वाटा सारख्या कशा वाटत असतील? त्याला नुसती पूजेची मोकळीक नको होती. पूजा सरकारी खर्चानं झाली पाहिजे, तरच ती रोमची पूजा, एरवी ती खासगी हौस. आणि अँब्रोज इथं बरोबर वर्मावर बोट ठेवतो. तो विचारतो, देवळांनी किती कैदी पैसे भरून सोडवले, किती गरिबांना जेवण घातलं, ते मोजून दाखवा की. याला सिम्माकसकडे उत्तर नव्हतं. मला तर ते वाचताना आपल्याकडच्या दोनतीन गडगंज देवस्थानांची नावं आठवली, असो.

सिम्माकसची पत्रं शेकड्यांनी शिल्लक आहेत आणि ती वाचणं म्हणजे आपल्या आवडत्या लेखकाला बँकेच्या रांगेत वेटरशी बोलावं तसं क्लार्कशी बोलताना बघण्यासारखं आहे. ३९३मध्ये त्याच्या मुलाच्या नावानं खेळ भरवले होते, त्यात लढायला सॅक्सन कैदी आणले होते. खेळाच्या आधीच त्यातल्या २९ जणांनी पहाऱ्यात असताना आपापल्या हातांनी गळे आवळून जीव दिले. आणि हा पत्रात वैतागतो! काय पण नालायक माणसं, स्पार्टाकसपेक्षा (गुलामांचं बंड करणारा तो ग्लॅडिएटर) वाईट. दुसऱ्या एका प्रकरणात आल्बाची एक वेस्टा पुजारीण ब्रह्मचर्य मोडलं म्हणून दोषी धरली गेली, तर पोंटिफ (वरच्या पुरोहितांपैकी एक) म्हणून हा पत्रं लिहितोय की जुन्या रिवाजाप्रमाणे तिला शिक्षा झालीच पाहिजे. जुना रिवाज म्हणजे जिवंत पुरणं. प्रत्येकाचे आपापले रीतिरिवाज.

यावरून त्याला ढोंगी ठरवून मोकळं व्हायचा मोह मला झाला होता, एक आठवडाभर टिकला. ढोंगी नव्हता तो. पण हे वाक्य कुणाच्या तोंडून, कधी आणि काय हातातून सुटत असताना आलंय हे मी त्यानंतर प्रत्येक वेळी बघायला लागले, आणि मागं जाऊन शोधायला लागले की रोमची सत्ता भक्कम होती तेव्हा हे कोण बोलत होतं.

तर, जवळजवळ कुणीच नाही. गरजच नव्हती. इसवी सनापूर्वी ३९६मध्ये रोमनांनी शेजारचं वेई जिंकलं तेव्हा तिथल्या जुनोच्या मूर्तीला एका पोरसवदा सैनिकानं विचारलं, बाई, रोमला येता का? आणि बाकीचे ओरडले, मान हलवली, मान हलवली! उचलून घेऊन आले. इसवी सनापूर्वी २०४मध्ये आशिया मायनरमधून महामातेचा काळा दगड वाजतगाजत आणला. पुढं इसवी सनापूर्वी १८६मध्ये मद्याचा देव बॅकस याच्या भक्तांची धरपकड पण झाली, म्हणजे सगळं गोडीगुलाबीचं नव्हतं, पण देव येत राहिले. त्यामागं कसलंही तत्त्वज्ञान नव्हतं, देव म्हटल्यावर ठेवायचा आणि त्याचं काय लागतं-सवरतं ते बघायचं.

आणि जेव्हा पहिल्यांदा सत्तेनं 'सगळ्यांनी' असा शब्द वापरला तेव्हा काय झालं तेही बघा. इसवी सन २४९मध्ये गादीवर आलेल्या सम्राट डेसियसचा हुकूम निघाला की साम्राज्यातल्या प्रत्येकानं देवांना बळी द्यायचा आणि तसा दाखला घ्यायचा. देव कोणता ते फारसं महत्त्वाचं नाही, तुमचा तुम्ही निवडा, पण द्यायचा. इजिप्तच्या वाळूत असे काही दाखले पपायरसवर सापडलेत, २५० सालचे. मजकूर ठरलेला: मी आजवर देवांना बळी देत आलोय, आणि आत्ता तुमच्यासमोर नैवेद्य ओतला, बळी दिला, प्रसाद चाखला, कृपया सही करावी. तलाठ्याच्या टेबलावर चालेल असा कागद. त्यातला एक दाखला एका बाईचा आहे, आउरेलिया अम्मोनूस. ही बाई पेटेसुकोस देवाची पुजारीण होती. पेटेसुकोस म्हणजे मगरदेव. जन्मभर मगरदेवाची पूजा करणाऱ्या बाईला सरकारी कचेरीत जाऊन लिहून द्यावं लागलं की मी देव मानते.

ज्यांनी दाखला घ्यायला नकार दिला ते ख्रिस्ती, त्यांना तुरुंग, काहींना मरण. म्हणजे जुन्या रोमच्या त्या मोकळ्याढाकळ्या वाड्यात पण एक अट होती, ती फक्त उंबऱ्याखाली होती म्हणून दिसत नव्हती.

मग बाजू पलटली. ३६४च्या १ जानेवारीला अंकारात (तेव्हाचं अँकायरा) नव्या ख्रिस्ती सम्राट जोव्हियनपुढं थेमिस्टियस नावाचा पेगन तत्त्वज्ञ भाषण करतो. हा माणूस मला फार आवडतो कारण तो मुरलेला सरकारी वक्ता आहे, एकामागोमाग एक सम्राटांपुढं टिकलेला, म्हणजे हवा कुठं वाहतेय हे कळणारा, तरी बोलला. म्हणाला, माणसाच्या शरीरावर कायद्यानं जबरदस्ती चालते, मनावर नाही. सीरियन लोकांनी एका पद्धतीनं पुजावं, ग्रीकांनी दुसऱ्या, इजिप्तच्या लोकांनी तिसऱ्या, हे देवालाच हवंय. शर्यतीत सगळे धावणारे एकाच पंचाकडे धावतात पण सगळे त्याच पट्ट्यातून धावत नाहीत, आणि चुरस संपली की धावणंच सुस्तावतं. वाटांबद्दल बोलताना वाटांमधली चुरस चांगली म्हणणारा माणूस विरळाच, आपल्याकडे तर लगेच 'वाद नको' येतं. जोव्हियन दीड महिन्यात वारला. पुढं सम्राट व्हॅलेन्स ख्रिस्ती लोकांमधल्याच एका पंथाला छळत होता तेव्हाही थेमिस्टियसनं त्याला समजावलं असं ख्रिस्ती इतिहासकार सांगतात: अहो तुमच्यात जरा मतभेद आहेत म्हणून काय झालं, आमच्यात देवाबद्दल तीनशेच्या वर मतं आहेत! पेगन माणूस ख्रिस्ती सम्राटाला सांगतोय की ख्रिस्ती लोकांना छळू नकोस. सिम्माकसपेक्षा मला हा उजवा वाटतो, कारण इथं त्याचं स्वतःचं काही अडकलेलं नव्हतं.

पण या सगळ्या उदार लोकांमध्ये एक खोड आहे आणि ती ओळखीची वाटते म्हणून मी अस्वस्थ होते. दुसऱ्या शतकात अप्युलियसच्या कादंबरीत इसिस देवी शेवटी प्रकट होते आणि म्हणते, फ्रिजियन मला देवांची माता म्हणतात, अथेन्सचे मिनर्व्हा, सायप्रसचे व्हीनस, क्रीटचे डायना, अशी लांबलचक यादी, आणि शेवटी, पण इथिओपियाचे आणि इजिप्तचे लोक मला माझ्या खऱ्या नावानं हाक मारतात, इसिस. म्हणजे बाकीच्यांची वाट चुकली नाहीये, फक्त त्यांना घराचा नंबर नीट माहीत नाही. तुमचा देव तो खरंतर आमचाच. हे बोलताना बोलणारा नेहमी एक पायरी वर उभा असतो, आणि त्याला ते दिसत नसतं. एकं सद्विप्रा म्हणताना आपण 'विप्रा'वर कधी थांबतो का? मी थांबले नव्हते.

याचं सगळ्यात छान (आणि थोडं मजेशीर) उदाहरण म्हणजे माडाउरोसचा मॅक्सिमस. उत्तर आफ्रिकेतल्या, आत्ताच्या अल्जेरियातल्या एका छोट्या गावातला म्हातारा मास्तर, ३९०च्या आसपास ऑगस्टिनला पत्र लिहितो. ऑगस्टिन त्याच गावात शिकलेला. पत्रात तो म्हणतो की एकच परमेश्वर आहे, त्याला आदि नाही, हे नाकारेल इतका वेडा कोण आहे? जगभर पसरलेल्या त्याच्या शक्तींना आपण अनेक नावांनी हाका मारतो कारण त्याचं खरं नाव कुणालाच माहीत नाही. आणि शेवटी निरोप घेताना म्हणतो, ज्या देवांच्या द्वारे आपण सगळे मर्त्य लोक त्या एका पित्याची हजार तऱ्हांनी, एकमेकांत जुळणाऱ्या बेसुरातून पूजा करतो, ते देव तुझं रक्षण करोत. जुळणारा बेसूर! आषाढीला चार दिंड्या एका चौकात भेटल्यावर जे होतं ते. एवढं सुंदर पत्र, आणि त्याच्या बरोब्बर मधोमध हा मास्तर ख्रिस्ती हुतात्म्यांच्या नावांची टर उडवतो. मिग्गो, नाम्फामो, ही काय नावं आहेत? ज्युपिटर सोडून असल्या नावाच्या लोकांना पुजायचं? ती नावं प्युनिक होती, तिथल्या स्थानिक खेडुतांच्या भाषेतली. देवाला हजार नावं चालतात, पण माणसाचं नाव लॅटिन नको का! ऑगस्टिननं उत्तरात त्याला बरोबर धरलाय, म्हणे आफ्रिकेत राहून आफ्रिकेच्या माणसांना आफ्रिकन नावं ठेवल्याबद्दल हसतोस?

ऑगस्टिनचं नाव निघालंच आहे तर हेही सांगते, कारण मला हे कळलं तेव्हा मी एकटीच मोठ्यानं हसले होते. ३८४च्याच शरद ऋतूत मिलानला वक्तृत्वाचा प्राध्यापक हवा होता. तो निवडून पाठवायचं काम रोमच्या प्रीफेक्टकडे आलं, म्हणजे सिम्माकसकडे. त्यानं एका होतकरू तरुणाचं भाषण ऐकलं, पसंत केलं आणि सरकारी गाडीनं मिलानला रवाना केलं. तो तरुण ऑगस्टिन. तिथं त्यानं अँब्रोजची प्रवचनं ऐकली, ३८७मध्ये त्याच्याच हातून बाप्तिस्मा घेतला, आणि पुढं ख्रिस्ती धर्माचा केवढा मोठा विचारवंत झाला ते सगळ्यांना माहीत आहे. गंमत पुढंच आहे. बाप्तिस्म्याच्या आधी लिहिलेल्या एका पुस्तकात तो लिहून गेला होता की ज्ञानाकडे एकाच वाटेनं जाता येत नाही. म्हातारपणी आपल्या सगळ्या पुस्तकांवर पुन्हा एकदा नजर फिरवताना त्या वाक्यापाशी तो थांबतो आणि म्हणतो, हे असं लिहायला नको होतं, ख्रिस्त स्वतः म्हणालाय, मार्ग मीच आहे.

ऑगस्टिनमुळेच आपल्याला पॉर्फिरीचंही एक वाक्य मिळालंय. पॉर्फिरी तिसऱ्या शतकातला, तत्त्वज्ञ प्लॉटिनसचा शिष्य, ख्रिस्ती लोकांचा कडवा टीकाकार. त्यानं जीवाच्या सुटकेचा सगळ्यांना लागू पडेल असा एक मार्ग खरोखर शोधून पाहिला. आणि लिहून ठेवलं की तो अजून माझ्या माहितीत आलेला नाही, खऱ्या तत्त्वज्ञानात नाही, खाल्डियन विधींत नाही, आणि भारतीयांच्या आचारधर्मात आणि शिस्तीतही नाही. आपल्याबद्दलची त्याची माहिती हवेतली नव्हती, मांसाहारावरच्या त्याच्या पुस्तकात ब्राह्मण आणि श्रमण कसे राहतात याची मोठी हकिगत आहे, भारतातून गेलेल्या वकिलातीला भेटलेल्या एडेसाच्या बार्दैसानकडून घेतलेली. त्यानं आपल्यालाही तपासलं आणि नापास केलं! मला हे फार आवडलं. सगळं एकच आहे म्हणून मिठी मारण्यापेक्षा, तुमचं वाचलं, मला पुरलं नाही, असं सांगणाऱ्याशी बोलता तरी येतं.

दोन वर्षांपूर्वी रोमला जायचा योग आला. सिनेटचं सभागृह फोरममध्ये उभं आहे, डायोक्लेशियनच्या वेळचं, उंच, रिकामं, आत रंगीत दगडांची फरशी. वेदी नाही अर्थात. मूळ कांस्याचे दरवाजे पण नाहीत, ते सतराव्या शतकात उचलून लॅटरन बॅसिलिकाला लावले, ते रोमच्या बिशपचं चर्च. खरं मला कॅपिटोलाइन म्युझियममधला एक दगड बघायचा होता. सिम्माकसचा मित्र प्रिटेक्स्टाटस, ३८४मध्येच वारला. त्याच्या दगडावर त्याच्या पूजाअर्चेच्या पदांची यादी कोरलीय: ऑगर (शकुन बघणारा पुरोहित), वेस्टाचा पोंटिफ, सूर्याचा पोंटिफ, हर्क्युलिसचा अमुक, एल्युसिसचा दीक्षित, मिथ्राच्या पंथातला 'पित्यांचा पिता'. एका माणसात अख्खं देवघर. हाच तो, जो पोप डमाससला चिडवायचा, मला रोमचा बिशप करा, लगेच ख्रिस्ती होतो. दगडाच्या मागच्या बाजूला त्याची बायको पाउलिना बोलते, पद्यात. तू मला हाताला धरून देवळांत नेलंस, सगळ्या दीक्षा तुझ्या साक्षीनं झाल्या. चाळीस वर्षांचा संसार. देवांनी तुला माझ्या मागं ठेवलं असतं तर सुखी झाले असते, तरी सुखीच आहे, कारण तुझी आहे, होते आणि मरणानंतर लवकरच होईन. इकडे त्याच सुमाराला संत जेरोम पत्रात लिहीत होता की तो आता नरकात पडलाय, आणि त्याची बायको त्याला आकाशगंगेच्या महालात असल्याचं समजतेय.

ही दीक्षांची यादी बघताना मला पहिल्यांदा वाटलं की हा गोळा करतोय. घर मोडायच्या आधी माणूस भांडीकुंडी आवरतो ना, तसं. शंभर वर्षांपूर्वीच्या रोमनाला असं सगळं स्वतःच्या अंगावर घ्यायची निकड नव्हती, ती ती मंडळी ती ती पूजा करतच होती. वाटा वाहत्या होत्या तेव्हा वाटांवर कुणी लिहिलं नाही. लिहिलं ते वाटांवर काटे पडायला लागल्यावर.

आता एक शेवटची जागा, तिथं मी गेलेली नाही, फोटोच बघितलेत. नैर्ऋत्य तुर्कस्तानात डोंगरावर ओइनोआंडा नावाचं मोडकं शहर आहे. त्याच्या जुन्या तटबंदीच्या एका दगडावर, सकाळचं पहिलं ऊन पडतं तिथं, अपोलोचा कौल कोरलेला आहे. देव म्हणजे काय असं लोकांनी विचारलं असणार, आणि उत्तर आलं: आपणहून झालेला, कुणी न शिकवलेला, आई नसलेला, न हलणारा, नावात न मावणारा, अनेक नावांचा, अग्नीत राहणारा, हा देव, आणि आम्ही त्याचे दूत म्हणजे त्याचा लहानसा अंश. अपोलो स्वतःच म्हणतोय, मी लहानसा अंश! पुढं म्हणतो, पहाटे पूर्वेकडे तोंड करून प्रार्थना करा. (याच गावात दुसऱ्या शतकात डायोजेनिस नावाच्या एका गृहस्थानं भलामोठा शिलालेख कोरून घेतला होता, त्याचं म्हणणं की देव असतील पण त्यांना तुमच्याशी काही देणंघेणं नाही. छोटं गाव, दोन्ही मतं दगडावर.)

पण मी थांबले ते त्या कौलापाशी नाही. त्याच्या जवळच्याच दुसऱ्या दगडावर एक ओळ आहे: क्रोमॅटिसकडून, सर्वोच्च देवाला, हा दिवा, नवसाचा. बस, एवढंच. ती कोण होती, नवस कशाचा, काही माहीत नाही. 'नावात न मावणारा' वगैरे तिनं वाचलं असेल, नसेलही. तिनं दिवा आणला.

माझी आजी ही. सिम्माकसच्या बाजूला मी तिला इतकी वर्षं उगाच बसवत होते. तिला कुठल्याच वाटेबद्दल म्हणायचं नव्हतं काही, पोसायडन हाच आमचा विठोबा असं ती अजिबात म्हणाली नाही. त्याला करमत नसेल एवढंच म्हणाली.

३९२च्या ८ नोव्हेंबरला थिओडोसियसचा कायदा निघाला. मोठे बळी वगैरे आधीच बंद झाले होते, हा घराच्या आत शिरला. घरच्या देवापुढं दिवा लावायचा नाही, धूप घालायचा नाही, हार टांगायचा नाही. झाडाला फिती गुंडाळायच्या नाहीत. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वडाला दोरा गुंडाळणाऱ्या आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायका एकदम डोळ्यांपुढं आल्या.

कायदा निघाला म्हणून सगळं लगेच थांबलं नाही. पाचव्या शतकात अथेन्समध्ये प्रोक्लस तत्त्वज्ञान शिकवत होता. त्याचा शिष्य मरिनस सांगतो की तो सगळ्यांचे सण पाळायचा, गाझाच्या मार्नासवर स्तोत्रं रचायचा, अरबांच्या देवावर, फिलेच्या इसिसवर, आणि म्हणायचा की तत्त्वज्ञ माणसानं एका गावाचा पुजारी असून भागत नाही, साऱ्या जगाचा पुजारी असायला हवं. अक्रोपोलिसच्या दक्षिण उताराखाली राहायचा. १९५०च्या दशकात तिथं रस्त्याच्या कामात एक मोठं घर सापडलं, बरेच अभ्यासक ते त्याचंच मानतात, भिंतीत देवळीसारखी जागा, महामातेचं शिल्प, आणि जमिनीत पुरलेलं डुकराचं एक पिल्लू, त्याच्यात अजून सुरी होती.

मरिनस सांगतो, पार्थेनॉनमधून अथेनाची मूर्ती जेव्हा काढून नेली, तेव्हा प्रोक्लसच्या स्वप्नात एक देखणी बाई आली आणि म्हणाली, घर लवकर आवरून ठेव, अथेन्सच्या बाईसाहेबांना तुझ्याकडे राहायला यायचंय.